पासपोर्ट नसलेला गायक : पॉल रोबसन

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हटले की आमच्या मंडळातला प्रत्येक जण ठरलेल्या वाटेने जातो. कोणी अहिल्याबाईंवर लिहितो, कोणी संगीत नाटकांच्या आठवणी काढतो, कोणी अष्टविनायकाची यात्रा सांगतो. मीही आजवर तेच केले. या वर्षी एका अमेरिकन गायक-नटावर लिहितो असे सांगितल्यावर कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि आपल्या उत्सवाशी त्याचा संबंध काय, असे विचारले. मला तरी दोन संबंध दिसतात. गणपती ही कलांची देवता, आणि गाणारा कुठल्या गावचा हे ती विचारत नसावी. दुसरे म्हणजे त्या गायकाच्या एका गाण्याची सावली तुम्ही-आम्ही, त्याचे नाव ठाऊक नसताना, कित्येकदा ऐकलेली आहे.

भूपेन हजारिकांचे गंगेला जाब विचारणारे हिंदी गाणे कोणी ऐकले नाही? ते आधी असमियात होते, आणि त्याचे मूळ मिसिसिपी नदीच्या काठी आहे. १९५० च्या सुमारास हजारिका न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे त्यांना पॉल रोबसन भेटले. रोबसन यांच्या ‘ओल मॅन रिव्हर’ या गाण्यात माणसांचे हाल पाहूनही गप्प वाहत राहणारी एक म्हातारी नदी आहे. ती कल्पना हजारिका बरोबर घेऊन आले. ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली. त्यांच्याकडे रोबसन यांची एक कॅसेट होती, झाकण फुटलेली आणि रबर लावून ठेवलेली. लहानपणी तो आवाज ऐकून मला वाटायचे की कोणीतरी विहिरीच्या तळातून गातो आहे. पुढे नोकरीला लागल्यावर, बऱ्याच वर्षांनी, त्या माणसाचे चरित्र हाती पडले आणि मग सोडवले नाही.

पॉलचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, प्रिन्स्टन या गावी झाला. त्याचे वडील विल्यम रोबसन हे जन्माने गुलाम. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका मळ्यावरून ते वयाच्या पंधराव्या वर्षी पळाले, उत्तरेत आले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. म्हणजे गुलामगिरी ही पॉलच्या घरी पुस्तकातली गोष्ट नव्हती. ती रोज जेवायला शेजारी बसत होती. प्रिन्स्टनच्या चर्चमध्ये विल्यम यांनी वीसएक वर्षे सेवा केली, आणि १९०१ साली वरच्या गोऱ्या मंडळींची मर्जी फिरल्यावर त्यांना ती जागा सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी घोडागाडी घेतली आणि गावातली चुलीची राख वाहून नेण्याचे काम पत्करले. शिकलेला, वक्तृत्वासाठी ओळखला जाणारा पन्नाशी उलटलेला माणूस त्याच गावात, त्याच लोकांच्या दारात राख उचलायला जाऊ लागला. पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही, असे पॉलने पुढे लिहून ठेवले आहे.

दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. आई मारिया लुईसा यांची दृष्टी अधू झाली होती. जानेवारी १९०४ मध्ये घरातल्या शेगडीचा निखारा त्यांच्या कपड्यांवर पडला आणि भाजून त्यांचा मृत्यू झाला. पॉल तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. पुढे वडिलांनीच त्याला वाढवले. वडील पुन्हा दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले आणि कुटुंब आधी वेस्टफील्डला, मग सॉमरव्हिलला गेले. अभ्यासाच्या बाबतीत त्यांचा खाक्या कडक. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांसारखाच. पाठांतर, उच्चार, भाषण यांची तालीम घरातच चाले. पॉलचा पुढचा सगळा रंगमंच त्या बैठकीच्या खोलीत उभा राहिला, असे मला वाटते.

१९१५ साली राज्यभरातल्या मुलांच्या स्पर्धा परीक्षेत पहिला येऊन पॉलने रटगर्स कॉलेजची शिष्यवृत्ती मिळवली. त्या कॉलेजच्या इतिहासात तो अवघा तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणि त्या वेळी एकटाच. तो फुटबॉलच्या संघात जायचे म्हणून मैदानावर उतरला. (अमेरिकेचा फुटबॉल वेगळा. त्यात चेंडू हातात धरतात आणि एकमेकांवर धडका घेतात.) पहिल्याच दिवशी गोऱ्या खेळाडूंनी मिळून त्याचे नाक फोडले, खांदा निखळवला. दहा दिवस अंथरुणात काढून तो परत आला. मग एकाने खिळ्यांचा बूट त्याच्या हातावर मुद्दाम दिला आणि बोटांची नखे निघाली. पुढच्या चालीत पॉलने समोरच्या गड्याला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. तो त्याला जमिनीवर आपटणार एवढ्यात प्रशिक्षकाने ओरडून सांगितले की याला संघात घेतले आहे. पुढे १९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव होते. तरीही १९१६ साली दक्षिणेतल्या एका कॉलेजने काळ्या खेळाडूबरोबर खेळणार नाही म्हटल्यावर त्याच्याच कॉलेजने त्याला बाहेर बसवले होते.

ही यादीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१९१९ मध्ये पदवीदान समारंभात वर्गातर्फे भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. ते ऐकायला वडील नव्हते. ते आदल्या वर्षीच गेले होते. मग कोलंबियात कायद्याचे शिक्षण. फीसाठी शनिवार-रविवार व्यावसायिक फुटबॉल. १९२१ साली इस्लांडा गुड हिच्याशी लग्न. ती रसायनशास्त्र शिकलेली, एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि नवऱ्यापेक्षा व्यवहारात दहा पट हुशार. १९२३ मध्ये पॉल वकील झाला, एका कचेरीत लागलाही. एके दिवशी त्याने मजकूर सांगायला घेतला तेव्हा तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने काळ्या माणसाकडून मजकूर घेणार नाही असे सांगितले. त्याने टोपी उचलली आणि वकिली कायमची सोडली.

नाटकात तो आला तो काहीसा योगायोगाने. इस्लांडाने ढकलले म्हणून हौशी नाटकात काम केले, ते नाटककार यूजीन ओनील यांच्या मंडळींच्या नजरेत भरले. १९२४ साली ओनील यांच्या दोन नाटकांत तो प्रमुख भूमिकेत उभा राहिला. त्यातल्या एकात काळा नवरा आणि गोरी बायको, आणि बायको नवऱ्याच्या हाताचे चुंबन घेते असा प्रसंग. नाटक रंगमंचावर यायच्या आधीच वर्तमानपत्रांनी काहूर केले, धमक्यांची पत्रे आली. शेवटी महापौरांच्या कचेरीने एक वेगळीच युक्ती काढली. पहिल्या प्रवेशात काळी-गोरी मुले एकत्र खेळतात, त्या बालकलाकारांना परवानगीच दिली नाही. मग पहिला प्रवेश दिग्दर्शकाने नुसता वाचून दाखवला आणि पुढचे नाटक झाले. बंदी न घालता बंदी कशी घालावी, हे ज्यांनी सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली त्यांना नव्याने सांगायला नको.

आता गाण्याकडे येतो. गुलाम मजूर शेतात आणि प्रार्थनेत जी भजने म्हणत, त्यांना तिकडे ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. शहरात आलेल्या, शिकलेल्या कृष्णवर्णीय लोकांना त्या गाण्यांची थोडी लाजच वाटे. १९ एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये पॉल रोबसन आणि त्यांचे पियानोवादक मित्र लॉरेन्स ब्राऊन यांनी फक्त याच गाण्यांचा संपूर्ण कार्यक्रम केला. आपल्याकडे कोणी नावाजलेल्या सभागृहात तिकीट लावून फक्त भारुडे, गवळणी आणि जात्यावरच्या ओव्या गाव्यात, आणि लोकांनी तासन् तास ऐकाव्यात, असा तो प्रकार. रोबसन यांचा स्वर खर्जातला. त्यांनी ऑपेराची नक्कल केली नाही, गाण्यात कलाकुसर भरली नाही. बोलतात तसे गायले, फक्त खोलवरून. ब्राऊन पियानो वाजवता वाजवता वरच्या सुरात साथ देत. ही जोडी पुढे जवळजवळ चार दशके टिकली.

१९२८ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘शो बोट’ हे संगीत नाटक लागले आणि ‘ओल मॅन रिव्हर’ गाण्याने लंडन वेडे झाले. रोबसन कुटुंब तिथेच राहू लागले. इंग्लंडमध्ये अमेरिकेसारखा उघड वर्णभेद नाही अशी त्यांची समजूत झाली, ती १९२९ साली सव्हॉय हॉटेलच्या भोजनगृहाने त्यांना आत घेतले नाही तेव्हा तडकली. नवल असे की पुढच्याच वर्षी त्याच सव्हॉयच्या नाट्यगृहात ते ऑथेल्लो झाले. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे मराठी नाट्यरसिकांना ऑथेल्लोची कथा परकी नाही. पण तिकडे तोवर बहुधा गोरे नट चेहऱ्याला काळे फासून ही भूमिका करत. रोबसन यांच्यासमोर डेस्डिमोना होती पेगी ॲशक्रॉफ्ट. हे नाते रंगमंचाच्या बाहेरही गेले. इस्लांडाला त्याने फार दुखावले आणि गोष्ट घटस्फोटापर्यंत येऊन परत फिरली. चरित्रात हे आहे, म्हणून लिहिले. इस्लांडाने पुढे मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, आफ्रिका पाहिली, त्यावर पुस्तक लिहिले आणि नवऱ्याचे कामकाजही सांभाळले. त्या बाईवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

चित्रपटांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण रोबसन स्वतःच त्यांच्यावर खूश नव्हते. ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या १९३५ च्या चित्रपटात आफ्रिकेची संस्कृती मानाने दिसेल असे त्यांना सांगितले होते. पडद्यावर दिसले ते इंग्रज साहेबाच्या राज्याचे कौतुक. ते त्यांना लागले. १९३६ चा ‘शो बोट’ गाण्यासाठी पाहण्यासारखा आहे. ‘द प्राउड व्हॅली’ हा वेल्समधल्या कोळसा खाणीवरचा १९४० चा चित्रपट त्यांचा स्वतःचा आवडता, आणि माझाही. १९४२ नंतर त्यांनी चित्रपटसृष्टी सोडून दिली.

वेल्सच्या खाणकामगारांशी त्यांचे नाते मात्र चित्रपटापेक्षा जुने होते. लंडनच्या रस्त्यावर एकदा त्यांना गाण्याचे सूर ऐकू आले. बेकार झालेले खाणकामगार वेल्सहून पायी आले होते आणि मदत मागत गात चालले होते. रोबसन त्यांच्यात मिसळले, त्यांच्याबरोबर गायले, त्यांच्या परतीच्या गाडीची सोय केली. आपल्या लोकांचे आणि या गोऱ्या मजुरांचे दुखणे एकच, हे त्यांना तिथे उमगले म्हणतात. १९३८ च्या जानेवारीत ते स्पेनमध्ये युद्धाच्या आघाडीवर जाऊन सैनिकांपुढे गायले. त्याच सुमारास त्यांनी आपल्या प्रसिद्ध गाण्याचे शब्दही बदलले. मूळ गाण्यातला हमाल जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला. रोबसन यांच्या तोंडी तो अखेरपर्यंत झगडत राहणारा झाला. सूर तोच, नदी तीच, माणूस बदलला.

भारताचा संबंध इथे येतो. १९३८ मध्ये लंडनमध्ये जवाहरलाल नेहरूंच्या स्वागताची सभा झाली, त्यात रोबसन बोलले. भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने ते पुढेही उभे राहिले. नेहरूंच्या भगिनी विजयालक्ष्मी यांचे पती रणजित सीताराम पंडित हे मूळ कोकणातल्या आणि राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच. त्यांच्या दोन मुली १९४३ मध्ये शिकायला अमेरिकेला गेल्या. वडील तुरुंगवासाने खंगलेले, घर युद्धाच्या आणि चळवळीच्या धामधुमीत. त्या परक्या देशात ज्या मोजक्या घरांनी त्यांना आपले म्हटले त्यांत रोबसन यांचे घर होते. त्या मुलींपैकी एक म्हणजे पुढे लेखिका झालेल्या नयनतारा सहगल.

तेच १९४३ साल रोबसन यांच्या कारकिर्दीचा कळस. १९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये त्यांचा ‘ऑथेल्लो’ उघडला आणि २९६ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर शेक्सपिअरचे कोणतेही नाटक सलग इतके चालले नव्हते. दौऱ्यावर जाताना त्यांची एकच अट असे, की जिथे काळ्यांना वेगळे बसवतात तिथे प्रयोग नाही. एव्हाना ते वीसहून अधिक भाषांत गात होते. रशियन, चिनी, स्पॅनिश, यिडिश, आफ्रिकेतल्या भाषा. ज्या चिनी गाण्याची रेकॉर्ड त्यांनी १९४१ साली काढली ते पुढे चीनचे राष्ट्रगीत झाले. वर्षाचे उत्पन्न एक लाख डॉलरच्या वर गेले. अमेरिकेतला सर्वांत प्रसिद्ध कृष्णवर्णीय माणूस कोण, असे तेव्हा कोणी विचारले असते तर बहुतेकांनी हेच नाव घेतले असते.

मग पाच-सहा वर्षांत सगळे उतरले.

युद्ध संपले, अमेरिका आणि रशिया समोरासमोर आले. दक्षिणेतल्या राज्यांत जमाव काळ्या माणसांना झाडाला टांगून मारत होते. त्याविरुद्ध कायदा करा असे सांगायला १९४६ मध्ये रोबसन शिष्टमंडळ घेऊन राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना भेटले आणि खटका उडाला. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत त्यांनी भाषण केले. ज्या देशात आपल्याला माणूस म्हणून वागवत नाहीत त्याच्यासाठी काळ्या लोकांनी रशियाशी का लढावे, अशा अर्थाची बातमी जगभर गेली. बातमीतले शब्द भाषणातल्या शब्दांशी जुळत नव्हते, पण ते तपासायला कोणी थांबले नाही. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किल येथे त्यांचा कार्यक्रम जमावाने उधळला. ४ सप्टेंबरला तो पुन्हा ठेवला. सुमारे वीस हजार लोक आले. कामगार संघटनांच्या लोकांनी मैदानाभोवती साखळी धरली, आणि गोळी झाडली जाईल या भीतीने काही जण गायकाच्या पाठीशी अंगाची भिंत करून उभे राहिले. रोबसन गायले. परत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्यांवर आणि बसवर दगडांचा वर्षाव झाला. दीडशेच्या आसपास लोक जखमी झाले.

१९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नाही असे लिहून दिले तर मिळेल, असे सुचवण्यात आले. त्यांनी लिहून दिले नाही. कोणाच्या राजकीय मताची चौकशी करण्याचा सरकारला अधिकार नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. देशाबाहेर जाऊन काळ्यांच्या हालांविषयी बोलणे म्हणजे घरचे भांडण चव्हाट्यावर नेणे, असे सरकारी बाजूने न्यायालयात मांडले गेले. देशात सभागृहे मिळेनात, दुकानांतून रेकॉर्डी गेल्या, उत्पन्न काही हजारांवर आले. आणि ती यादी. पुढे छापलेल्या एका अधिकृत फुटबॉल ग्रंथात १९१८ च्या सर्वोत्तम संघात अकराऐवजी दहाच खेळाडू छापले गेले. एका जागी कोरा कागद.

मी पदविकाधारक उपयंत्री. माझे आयुष्य मोजमाप पुस्तिका आणि फाईली यांत चालले आहे. माणसाला शिक्षा न करता त्याला संपवायचे असेल तर त्याचा कागद पुढे सरकवायचा नाही, हे मी पाहिलेले आहे. रोबसन यांना तुरुंगात टाकले नाही, खटला भरला नाही. फक्त एक पुस्तिका दिली नाही, आणि आठ वर्षे गेली. ज्याच्या गळ्यावर पोट आहे त्याची वयाची बावन्न ते साठ ही वर्षे.

कॅनडात जायला अमेरिकनांना पासपोर्ट लागत नसे. १९५२ च्या सुरुवातीला खाणकामगारांच्या संघटनेने त्यांना व्हँकुव्हरला बोलावले, तर त्यांना सीमेवरच अडवले. मग १८ मे १९५२ रोजी दोन्ही देशांच्या सीमेवर जी शांतता कमान आहे, तिथे अमेरिकेच्या हद्दीत एक उघडा ट्रक लावला गेला. रोबसन त्यावर उभे राहून गायले, आणि पलीकडे कॅनडाच्या हद्दीत हजारो लोक गवतावर बसून ऐकत होते. पुढची काही वर्षे हे दरसाल चालले. सीमाभागातल्या आपल्या मराठी बांधवांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

याहून मला भुरळ पडते ती टेलिफोनच्या तारेची. १९५६ च्या सप्टेंबरात अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. एक टोक स्कॉटलंडमध्ये, दुसरे कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, आणि एका वेळी अवघी ३६ संभाषणे. तोवर इतक्या लांबचे बोलणे रेडिओलहरींवर, खरखरीसकट ऐकावे लागे. ५ ऑक्टोबर १९५७ रोजी वेल्समधल्या पोर्थकॉल गावी खाणकामगारांचा वार्षिक संगीतोत्सव होता. पाच हजार लोक सभागृहात बसलेले. मंचावर गायक नाही, फक्त ध्वनिक्षेपक. न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत रोबसन गायले आणि तो खर्ज समुद्राच्या तळातून वेल्सला पोचला. मग सभागृहातल्या कामगारांनी आणि त्यांच्या पुरुषांच्या गायकवृंदाने उत्तरादाखल त्यांच्यासाठी गायले. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. माणसाला अडवता येते, पण तारेतल्या विजेकडे कोणी पासपोर्ट मागितला नाही, याचा एका तंत्रज्ञाला जो आनंद होतो तो मला दर वेळी होतो.

१२ जून १९५६ रोजी त्यांना संसदीय चौकशी समितीपुढे उभे केले होते. रशिया एवढा आवडतो तर तिथेच का राहिला नाहीत, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की माझे वडील गुलाम होते, माझ्या लोकांनी हा देश उभारताना प्राण दिले, म्हणून मी इथेच राहणार. समितीच्या सदस्यांना ते सरळ उलट प्रश्न विचारत राहिले. त्या दिवसाची नोंद वाचताना आरोपी कोण आणि न्यायाधीश कोण हेच कळेनासे होते.

पण इथे एक गोष्ट झाकून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. रोबसन यांनी स्टालिनच्या रशियाविरुद्ध जाहीरपणे कधी शब्द काढला नाही. १९४९ मध्ये मॉस्कोत त्यांनी आपले मित्र, ज्यू कवी इत्झिक फेफर यांना भेटण्याचा आग्रह धरला. फेफर तेव्हा कैदेत होते. त्यांना चांगले कपडे घालून हॉटेलात आणण्यात आले. खोलीत चोरून ऐकण्याची यंत्रे असणार म्हणून फेफर यांनी खुणांनी आणि चिठ्ठ्यांनी खरी परिस्थिती सांगितली, असे रोबसन यांच्या मुलाने पुढे लिहिले आहे. त्यानंतरच्या मॉस्कोतल्या कार्यक्रमात रोबसन यांनी वॉर्सातल्या ज्यूंच्या उठावाचे यिडिश गाणे मुद्दाम गायले. तेवढे धैर्य त्यांनी दाखवले. मात्र अमेरिकेत परतल्यावर तिकडे ज्यूंचा छळ होत असल्याच्या बातम्या त्यांनी नाकारल्या. १९५२ मध्ये फेफर यांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्याच वर्षीचे स्टालिन शांतता पारितोषिक रोबसन यांनी स्वीकारले. आपल्या लोकांच्या शत्रूंच्या हाती कोलीत द्यायचे नाही, हा त्यांचा हिशेब असावा. तो समजतो, पण मला तो पटत नाही. एका मित्राचा हिशेब त्यात बसत नाही.

१९५८ च्या एप्रिलमध्ये रोबसन साठ वर्षांचे झाले. भारतात हा वाढदिवस साजरा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. नेहरूंनी जाहीर संदेश दिला. अमेरिकन अधिकाऱ्यांची चलबिचल झाली, हे होऊ नये म्हणून त्यांनी आडून प्रयत्न केले, पण समारंभ झालाच. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की राजकीय विश्वासांवरून पासपोर्ट नाकारता येत नाही. रोबसन यांना पासपोर्ट मिळाला आणि ते लगेच लंडनला निघाले. भारतात मात्र त्यांचे येणे झाले नाही.

१९५९ मध्ये स्ट्रॅटफर्डला, शेक्सपिअरच्या गावी, त्यांनी तिसऱ्यांदा ऑथेल्लो उभा केला. ९ नोव्हेंबर १९६० रोजी सिडनीत ते एका बांधकामावर गेले. ऑपेरा हाऊस तेव्हा नुसते लोखंड आणि काँक्रीट होते. दुपारच्या सुट्टीत मजूर पराच्यांवर चढून बसले, आणि रोबसन अंगात जाड कोट घालून त्यांच्यापुढे गायले. त्या जगप्रसिद्ध इमारतीत गाणारा पहिला नामवंत गायक हाच, आणि श्रोते ती बांधणारे. बांधकाम खात्यातला माणूस म्हणून या प्रसंगाचे चित्रीकरण मी किती वेळा पाहिले असेल ते सांगत नाही. उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर कधी सळई बांधणाऱ्याचे नाव नसते.

त्यानंतर पाचच महिन्यांच्या आत ते कोसळले. मार्च १९६१ मध्ये मॉस्कोच्या हॉटेलात त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. लंडनच्या मनोरुग्णालयात त्यांना पन्नासहून अधिक वेळा विजेचे झटके देण्यात आले. आपल्या वडिलांवर विषप्रयोग झाला असा मुलाचा संशय होता, पण तो सिद्ध झालेला नाही. मला वाटते, इतकी वर्षे पाळत, बहिष्कार आणि मनात दाबलेले ते मॉस्कोचे ओझे, एवढे पुरेसे होते. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेत परतले. डिसेंबर १९६५ मध्ये इस्लांडा गेली. उरलेली वर्षे त्यांनी फिलाडेल्फियात बहीण मॅरियन हिच्या घरी काढली. ती निवृत्त शिक्षिका. बाहेरच्यांना ते क्वचितच भेटत. १९७३ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मोठा समारंभ झाला, त्याला त्यांनी ध्वनिमुद्रित निरोप पाठवला. ते स्वतः आले नाहीत.

२३ जानेवारी १९७६ रोजी, ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हार्लेममधल्या ज्या चर्चमध्ये त्यांचा थोरला भाऊ धर्मोपदेशक होता तिथून, पावसात, हजारो लोकांच्या साक्षीने त्यांना निरोप दिला गेला. फुटबॉलवाल्यांनी आपल्या गौरवदालनात त्यांचे नाव घातले ते १९९५ साली.

वडिलांची ती कॅसेट आता चालत नाही. रबरही कुजले. पण आजकाल मोबाईलवर सगळे मिळते. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी आधी ‘ओल मॅन रिव्हर’ ऐकावे, तेही १९३६ चे आणि नंतरचे अशी दोन्ही, म्हणजे बदललेले शब्द कानाला कळतील. मग पोर्थकॉलचे तारेवरचे गाणे. आमच्या मांडवात लावा असे मी कार्यकारिणीला सुचवणार नाही. आरती आटोपून घरी गेल्यावर, घरातले झोपल्यावर, आवाज बारीक ठेवून ऐकावे. आवाज बारीक केला तरी तो खर्ज भिंतीपलीकडे जातो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारले होते की रात्री कोण गात होते.